घोडनदीकाठची दिल्ली

मल्हारीचं पोस्टकार्ड मला १९९८ साली आलं. तीन वर्षं मी उत्तर दिलं नाही.

दौंडच्या एका वाचनालयात मी आयुष्यभर लोकांना पुस्तकं काढून दिली. स्वतःचं लिहायची हिंमत झाली नाही. एका वहीत मात्र दुसराच इतिहास रचत होतो: दख्खनेत उतरलेला बादशहा परतलाच नाही, त्यानं दिल्ली घोडनदीकाठी, इनामगावच्या माळावर आणून वसवली. बाजार, कचेऱ्या, तांबडा किल्ला. नकाशा काढण्यात पंधरा वर्षं गेली.

वही दाखवली ती एकट्या मल्हारीला. इनामगावचा मेंढपाळ, बाजारच्या दिवशी घोंगड्या विकायला दौंडला यायचा. तो हसला.

"आप्पा, एवढी दुनिया आत कोंडलीत, आन् ती पानी कुठं पिनार? माझी मेंढरंसुदिक असल्या जागी बसायची न्हाईत."

मी ओशाळलो. घरी जाऊन वहीतल्या किल्ल्यात बारव काढली, सोळा पायऱ्यांची. कुणाला दाखवली नाही.

पुढच्या बाजारी त्यानं कॅनमधलं पाणी मला पाजलं. मे महिना, नदी आटलेली. पाणी गार होतं, शेवाळाच्या वासाचं.

"बारव झ्याक हाय," तो म्हणाला. "सोळावी पायरी तेवढी निसरडी."

त्यानंतर तो दौंडला आलाच नाही. कार्ड आलं. 'आप्पांना दंडवत. आत मला आता नावानं हाका मारत्यात. तुमची चवकशी केली. तिथं तुमाला कुनी वळखत न्हाई. दरवाजा एकच हाय, तेवढा मोडू नका.'

पंधरा वर्षं माझी, आणि हाका त्याला. ते कार्ड मी किती वेळा वाचलं, सांगायची लाज वाटते.

गेल्या महिन्यात शेवटी इनामगावला गेलो. मल्हारीनं माळावर नेलं. बाभळी, पांढरी माती, खापराचे तुकडे.

"वाका आप्पा, चौकट लागंल," म्हणत तो वाकला.

मी ताठच चालत गेलो. काही लागलं नाही. वळून पाहिलं तर मागं नुसती मेंढरं.

दुपारी तो त्याच जागी उभा दिसला. ओठ विड्यानं रंगलेले.

"तुमच्यासाठीबी मागितला व्हता," तो खाली बघत म्हणाला. "म्हनले, कोन आप्पा?"

काल पुन्हा गेलो. त्याची बायको सगुणाबाई अंगणात लोकर पिंजत होती.

"सकाळीच आत गेल्यात," तिनं माळाकडं हात केला. "दिवस कलला की येत्यात. बसा, च्या ठिवते."

ती चुलीकडं गेली. मी वही उघडली.

दरवाजाच्या जागी भिंत काढली. तांबडी शाई दोनदा फिरवली.

चहा घेतला. दिवस कलला.

मेंढरं एकटीच आली.

"ह्ये कुठं ऱ्हायले?" सगुणाबाई दारात आली. मी कपबशी खाली ठेवली.

दौंडला उतरून कार्ड घेतलं. एकच ओळ लिहिली: 'आता निवांत आहेस, त्यांना माझं नाव सांग.'

पत्त्यात इनामगाव घातलं नाही. 'मल्हारी, किल्ल्याच्या आत' एवढंच लिहिलं, आणि पेटीत टाकलं.