कामगाराची बायको

मी एम. ए. झालेली आहे, हे आधी सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकून हसलात तरी शिक्षणाला दोष देऊ नका, तो माझा एकटीचा.

श्रावणातली दुपार होती. आमच्या कोकणातल्या नांदगावच्या घरात मी इस्त्री करत होते, सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या आणि टीव्हीवर त्यांची मालिका चालू होती. आतल्या खोलीत चार महिन्यांची लेक झोळीत झोपलेली. झोळीचं जुनं सुती लुगडं वाळेना, म्हणून मी माझी गुळगुळीत सिल्कची साडी बांधली होती. माझी हुशारी.

मालिकेतल्या कारखानदाराच्या मुलाचं आजारपण दोन महिने चाललं होतं, आणि आम्ही रोज डोळे पुसत होतो. त्या दिवशी त्याच कारखान्यात एक कामगार यंत्रात सापडून मेला. दोन जाहिरातींच्या मधे आटोपला. मग त्याची बायको साहेबांच्या खोलीत येऊन बसली. साहेबांनी वकिलाला विचारलं, "किती दिले की गप्प बसेल ही?"

मी कॉलरवर इस्त्री फिरवत होते. रडूबिडू आलं नाही, हे कबूल करते.

तेवढ्यात त्या बाईने मान वळवली. साहेबांकडे नाही. माझ्याकडे. ओलसर, दमलेल्या आवाजात म्हणाली, "बाय... झोळी बघ गो."

मी धावले. साडी सरकून पिळली होती, पीळ लेकीच्या गळ्याशी होता, ओठ जांभळे. कसा सोडवला, आठवत नाही. ती रडली तेव्हा मीही रडले.

टीव्हीतल्या बाईने सांगितलं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ती काय बोलूकच नाय गो." रात्री मोबाईलवर तो भाग तीनदा पाहिला. खरंच, ती तोंडच उघडत नाही. कागदावर अंगठा उठवते आणि जाते. पुढे कधीच दिसली नाही. शेवटच्या नामावलीतही तिला नाव नव्हतं, नुसतं 'कामगाराची बायको'. मालिका सगळी पुण्याच्या भाषेत, आणि मला हाक मारली ती मालवणीत.

भादव्यात, पितृपक्षात सासऱ्यांचा महाळ होता. पितरांसाठी पानावर जेवण वाढून वाडी ठेवतात, तशी तिच्यासाठीही ठेवू का, असं मी चाचरतच विचारलं. वाटलं, हसतील. सासूबाईंनी दुसरं पान मागितलं. भात, वरण, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडा वाढला. वाडी ठेवताना नाव घ्यायचं असतं, तिचं तर ठाऊक नव्हतं. त्यांनी मागच्या पडवीत पान ठेवलं, हात जोडले.

"माझ्या नातीक राखलंस, ती तू. कोणी इचारूक नाय तुका. ये, जेव गो बाय."

आम्ही दार लोटून घेतलं. लेक आत जमिनीवर दुपट्यावर झोपली होती. झोळी मी पुन्हा बांधलीच नव्हती.

थोड्या वेळाने पाहिलं. सासऱ्यांच्या पानाला कावळा शिवून गेला होता, शितं विस्कटलेली. दुसऱ्या पानावरचा अर्धा भात संपला होता. उरलेला अर्धा वरणात अगदी मऊ कुस्करून, चिमटीएवढे घास करून, पानाच्या कडेला ओळीने मांडलेला.

मी आत आले. लेकीचं उष्टावण नवरात्रात ठरलं होतं. दुधाशिवाय तिने अजून काही चाखलं नव्हतं. ती झोपेत हसत होती. खालच्या ओठावर एक शीत होतं, वरणाने पिवळं झालेलं.

पुसायला बोट पुढे केलं... आणि मागे घेतलं.