सातव्या टेबलाखालचा दोर

बसा. खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे हे मलाही दिसतंय, पण आपल्याला हेच हवंय, सातवं. चहा सांगितलाय. इथला चहा काही धड नसतो, वेलची टाकली की झाला चहा अशी यांची समजूत आहे. पण जागा थंड आहे, आणि आखातातल्या ऑगस्टमध्ये माणसाला दुसरं काय लागतं.

किल्ल्या तुम्हाला सकाळीच दिल्या. ड्रॉइंग्ज दिली, तिन्ही साइटच्या फायली दिल्या, तुबलीच्या त्या तिरसट सुताराचा नंबर दिला. रविवारी माझं विमान आहे. त्यानंतर मुहर्रक गावातली ही जुनी घरं आणि तुम्ही. चार्ज देताना काही मागे ठेवायचं नाही, ही माझी सवय. एकच गोष्ट राहिलीय, ती फायलीत नाही. आपण बसलोय त्या घराच्या ड्रॉइंगमध्ये तळमजल्याच्या स्लॅबमधून खाली गेलेला एक दोन इंची पाइप दिसेल. कशासाठी आहे ते लिहिलेलं नाही. आज शुक्रवार, आत्ता साडेअकरा झालेत. बारापर्यंत माझं सांगून होईल.

समोरच्या भिंतीवर तो पितळी फलक आहे ना, तो मालकानं हौसेनं लावलाय. हे गाव कसं मोत्यांवर उभं राहिलं, ते त्यात आहे. सोनं सापडलं की एखाद्या ओसाड जागी जशी झुंबड उडते, तशी इथं मोत्यांसाठी उडायची. उन्हाळा लागला की गावातले सगळे धडधाकट पुरुष चार महिने समुद्रावर. मागे बायका, म्हातारे आणि बोकड. मोती मुंबईला जायचे, मुंबईहून पॅरिसला. आणि परतीच्या गलबतांतून आपल्याकडचा तांदूळ, कापड, सागवान इथं यायचं. बाजूच्या खोल्यांचे वासेसुद्धा तिकडचेच. मग जपान्यांनी शेतातल्यासारखे मोती पिकवले, इथं तेल लागलं आणि गाव खलास. फलकावर मुंबई आहे, पॅरिस आहे, पाहून गेलेल्या बड्या लोकांची नावं आहेत. सालेमचं नाव नाही. सालेम कोण, तेच सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी हे काचेचं छत नव्हतं. उघडं अंगण होतं आणि मधोमध विहीर. आपण बसलोय तिथंच. नाही, पाय उचलू नका. स्लॅब मजबूत आहे, मीच टाकलाय.

काम साधं होतं. विहिरीवर झाकण-स्लॅब टाकायचा, वर फरशी, वर टेबलं. विहीर मी स्वतः मोजली होती. सहा मीटर खोल, तळाशी दोन फूट पाणी, तेही मचूळ. प्रयोगशाळेचा रिपोर्ट फायलीत आहे, बघा कधीतरी. गुरुवारी सकाळी काँक्रीट यायचं ठरलं होतं. तो गुरुवार माझ्यासाठी महत्त्वाचा होता. माझा व्हिसा संपत आला होता, कंपनी तो वाढवेल की नाही ते नक्की नव्हतं, आणि आमची मुलगी कश्मिरा बारावीला होती. मधेच गाशा गुंडाळून पुण्याला जायचं तर तिचं वर्ष वाया जाणार. माझी बायको अरुणा रोज संध्याकाळी मी दारातून आत आलो की आधी माझा चेहरा वाचायची. काम वेळेवर झालं तरच साहेबाकडे तोंड उघडायची सोय होती.

अडचण एकच होती. विहिरीच्या काठाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसलेला असायचा. यासीन नाव. नव्वदीच्या पुढचा, मालकाचा चुलता. त्याच्या उजव्या मनगटाला एका सुती दोराचं टोक बांधलेलं, उरलेल्या दोराचं वेटोळं पायाशी, आणि दुसरं टोक दगड बांधून विहिरीत सोडलेलं. तो सकाळी यायचा, दोर हातात धरायचा, आणि संध्याकाळी, बुडीची वेळ संपली म्हणून, त्याला कुणीतरी घेऊन जायचं. मालक म्हणाला होता, बसू द्या, बुधवारी दुपारी मी त्यांना कायमचं हिद्दला माझ्या घरी नेणार आहे.

लान्सी तेव्हा माझा फोरमन होता. वसईचा, हाताला पक्का, तोंडाला फाटका. विहिरीवर सळ्यांची जाळी बांधायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, दोर मधे येतोय, काप आणि मोकळा हो. तर हा छातीवर क्रूस करून मागे सरला.

"सर, भिंत पाडायला सांगा, पाडतो. ह्यो दोर नाय कापायचो मी."

मग मीच म्हाताऱ्याजवळ जाऊन बसलो. लहानपणी त्याचा मामा त्याला मोती विकायला जाताना मुंबईला न्यायचा, त्यामुळे तो हिंदी बोलायचा, आणि तीही झवेरी बाजारातली. त्यानं सगळं शांतपणे सांगितलं, जणू मीच उशिरा विचारतोय.

तो चौदा वर्षांचा होता आणि त्याचा भाऊ सालेम सतराचा. सालेम बुडी मारायचा, यासीन वर बोटीत त्याचा सैब, म्हणजे दोर धरणारा. खालच्याचा दम संपत आला की तो दोराला हिसका देतो आणि सैबानं ओढायचं. बस, सैबाला दुसरं काम नाही. हिसका चुकला तर माणूस गेला. एके दुपारी बोटीच्या दुसऱ्या टोकाला आरडाओरडा झाला. शिंपल्यातून बोराएवढा मोती निघाला होता. सगळे धावले. यासीननं दोर कठड्याच्या खुंटीला बांधला आणि तोही धावला. मोती बघायला. परत आला तेव्हा दोर सैल होता. वर ओढला तर टोक रिकामं.

मी विचारलं, मग या विहिरीत कशाला दोर? तर तो म्हणाला, समुद्राच्या तळाला गोडं पाणी फुटतं, पाणबुडे खाली जाऊन तेच पखालींत भरून आणायचे. ते पाणी इथल्या जमिनीखालूनच जातं. वाट एकच आहे. सालेम हुशार होता, त्याला वाट सापडेल. हिसका देईल, मग मी ओढेन.

 मी मान हलवली आणि जाळीकडे वळलो.

बुधवारी बाराला दहा कमी असताना मजूर निघून गेले. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम बंद, हा इथला कायदा तुम्हाला माहीतच आहे. मी जाळी तपासायला मागे थांबलो. बाहेर मालकाच्या गाडीचा हॉर्न वाजला. मग तो स्वतः आत आला, यल्ला चाचा, यल्ला, म्हणजे चला चला, असं म्हणत. म्हाताऱ्यानं मनगटाची गाठ सोडली आणि दोर माझ्यापुढे धरला.

"बाँधने का नहीं. नीचे रखने का नहीं. हाथ से हाथ में देने का. मैं वापस आता तक तू पकड़ेगा?"

तो परत येणार नव्हता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "इंशाल्ला."

इथं इंशाल्लाचे दोन अर्थ आहेत, हे तुम्हाला लवकरच कळेल. एक खरा, श्रद्धेचा. आणि दुसरा आम्ही ऑफिसात वापरतो तो, ज्याचा अर्थ विषय संपवा असा होतो. माझा दुसरा होता. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोर माझ्या हातात देऊन तो गेला.

मी एकटाच उरलो. दोर लगेच टाकून देणार होतो, पण गाडी वळेपर्यंत तरी धरावा असं वाटलं. आमचं मूळ घर हर्णैला. भर दुपारी बारा वाजता आई आम्हाला विहिरीकडे फिरकू देत नसे. रात्री काय, दिवा तरी असतो, दुपारी मात्र माणूस बेसावध असतो, असं ती म्हणायची. मी तेव्हाही हसायचो.

पारवे घुमायचे थांबले होते. शेजारच्या एसीची घरघर बंद पडली. विमानतळ इतका जवळ, की दर दहा मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं; तेही जाईना. मग वास आला. चुन्याचा नव्हे... ओहोटीच्या चिखलाचा, उन्हात कुजणाऱ्या शिंपल्यांचा. समुद्र इथून अर्धा मैल मागे हटलाय, भर टाकून टाकून.

आणि दोर सरकू लागला.

हळूच, माझ्या तळव्यातून, खाली. मला वाटलं दगड घसरला असेल. पण तो सरकतच राहिला. पायाशी पडलेलं वेटोळं उलगडत गेलं... एक वळसा, दुसरा, तिसरा. विहीर सहा मीटर. मी मोजलेली. दहा मीटर तरी दोर आत गेला, तेव्हा कुठे थांबला.

मी नकळत आकडे मोजू लागलो. म्हातारा म्हणाला होता, नव्वदपर्यंत दम टिकतो. साठ... सत्तर... ऐंशी झाले आणि खिशातला फोन थरथरला. ऑफिसातल्या जयेशचं नाव. व्हिसाचं काम तोच बघायचा. त्याच क्षणी हाताला हिसका बसला.

वारा म्हणावा तर वारा नव्हता. एकच, स्पष्ट, माणसाचा हिसका. लहान मूल बाही ओढतं तसा.

आता मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मला कळलं होतं काय करायचं ते. पण अंगणात फोन नुसता वाजायचा, बोलणं कधी ऐकू येत नसे, आणि तीन महिने मी त्याच फोनची वाट पाहत होतो. मी दोराला जाळीच्या सळईशी दोन वेढे दिले, गाठ मारली आणि बाहेर गल्लीत धावलो.

जयेश म्हणाला, साहेबांनी सही केली, दोन वर्षं वाढवून मिळाली. मी त्या उन्हात एकटाच मोठ्यानं हसलो. चार मिनिटं बोललो असेन, जास्त नाही.

आत आलो तर दोर सैल होता. बारा मिलिमीटरची सळई विहिरीकडे वाकली होती, धनुष्यासारखी. मी दोर ओढू लागलो. हलका लागत होता. टोक वर आलं तेव्हा त्याला दगड नव्हता. नुसता फासा होता, आवळत आवळत मुठीएवढा झालेला. तेवढाच भाग गरम होता. बाकी सगळा दोर थंडगार, ओला, आणि तेवढाच गरम. बोटाला लागलेलं पाणी मी जिभेला लावलं. का लावलं ते विचारू नका. गोड होतं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आतच. अंगणात, जिथं कधी बोलणं ऐकू येत नसे तिथं. मालक होता. चाचा गाडीत ऐकत नाही, म्हणाला, तुमच्याशी बोलायचंय. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, अगदी जवळून.

"झटका लगा?"

"लगा."

"खींचा?"

माझ्या हातात तो फासा होता. अजून गरमच होता.

"खींचा," मी म्हटलं.

 मग त्यानं विचारलं, "कैसा है वो?"

"ठीक है," मी म्हटलं.

तो हसला. चौदा वर्षांच्या पोरासारखा हसला. हिद्द येण्याआधीच गाडीत गेला, असं मालकानं संध्याकाळी कळवलं. चेहरा फार शांत होता, म्हणाला. तुम्ही काय सांगितलंत त्यांना, असंही त्यानं विचारलं. मी फोन ठेवून दिला. त्या रात्री अरुणानं शिरा केला होता, व्हिसाचा. मी ताटली तशीच सरकवली. लाज वाटते हो, अजूनही वाटते.

गुरुवारी लान्सीनं ती वाकलेली सळई पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि ती बदलली. मी त्याला स्लॅबमध्ये दोन इंची पाइप सोडायला सांगितला.  मी दोराला नवा दगड बांधला आणि पाइपातून खाली सोडला. वरचं टोक या टेबलाच्या पायाला आतून अडकवलेलं असतं. रोज धरायचा म्हटलं तर नोकरी कोण करणार? म्हणून दर शुक्रवारी बारा वाजता मी इथं येतो, गाठ सोडतो आणि एक तास हातात धरून बसतो. वेटर मला वेडा समजतात, पण टेबल राखून ठेवतात.

हिसका पुन्हा आलेला नाही. पण दर शुक्रवारी दोर थोडा थोडा आत जातो. मी लाल रंगाची खूण केली होती, ती केव्हाच खाली गेली. एकदा नवा दोर जोडून पाहिला. पुढच्या शुक्रवारी येऊन बघतो तर जोडाची गाठ नीट सोडवलेली, आणि माझा तुकडा फरशीवर गुंडाळून ठेवलेला. आता वर वीतभरच उरलाय.

मी पुण्यात बसून तो धरू शकत नाही. कायमचा बांधून जाणार नाही, एकदा हिसक्याच्या वेळी बांधला तेवढं पुरे झालं. लान्सी गेल्या वर्षीच वसईला परत गेला. राहिलात तुम्ही. चार्ज तुमच्याकडे आहे.

बाराला दोन मिनिटं आहेत. टेबलाखाली हात घाला... अजून आत. सापडला? थंडगार एसीत असून गरम लागेल. मी सकाळपासून त्याला हात लावलेला नाही.

हिसका आला तर ओढायचं. फोन वाजू दे, छत कोसळू दे. वर काय येईल ते मला माहीत नाही, पण ओढायचं. धराल ना?

नाही. इंशाल्ला म्हणू नका. हो म्हणा.