आत्ताच गेली

मध्ययुगात जायचं तर आधी जुने गालिचे गोळा करावे लागतात. मिसिसिपीच्या काठावरच्या हाल्वर्स लँडिंग गावात हे पहिल्यांदा उमगलं वर्लिन ग्रोथेला. वर्लिन मोटारी दुरुस्त करायचा. गालिच्याचे तुकडे सुतळीने शिवून त्याने चिलखत केलं, गॅसची रिकामी टाकी कापून शिरस्त्राण केलं, आणि वेताच्या काठीला चिकटपट्टी गुंडाळून तलवार. रविवारी चर्च सुटलं की जत्रेच्या मैदानावरच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये फौज जमायची आणि एकमेकांना बडवायची. फौजेत लढणारे दोघंच. शेडच्या दुसऱ्या टोकाला गावातल्या एका शेतकऱ्याच्या मेंढ्या उन्हाळ्यापर्यंत मुक्कामाला असायच्या. त्या बसून रवंथ करत हा सगळा पराक्रम बघायच्या आणि त्यांच्यावर त्याचा काडीचाही परिणाम व्हायचा नाही.

हा खेळ गावात आणला ऑरिन त्वाइटने. कॉलेजात इतिहास शिकवणारा, लांब मानेचा, बोलका माणूस. कॅलिफोर्नियात त्याने हजारभर लोक असे जुने कपडे घालून मेजवान्या झोडताना पाहिले होते, आणि तेव्हापासून त्याला स्वतःच्या गावात शाखा हवी होती. त्याच्या हाती लागले तिघं : वर्लिन, चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणारी कॉर्लिस बेकेन, आणि शाळेतल्या शिवणाच्या बाई, आर्डिस लुंडेबी.

आर्डिसबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, एकट्या. हसू आलं की तोंडावर हात ठेवायच्या. त्यांच्या घरी आईचं शिवणयंत्र होतं, खिडकीत जिरेनियमची कुंडी होती, आणि कपाटात सहा कप होते. त्यातले पाच कधी खाली निघत नसत.

शाखेला मान्यता हवी तर पाच माणसं लागत. चुकलं ते इथे.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये, बाहेर बर्फाचे ढीग करडे पडले होते तेव्हा, ऑरिन आर्डिसच्या स्वयंपाकघरातून कॅलिफोर्नियातल्या मुख्य कचेरीला फोन लावून उभा होता. अंगावर कारभाऱ्याचा निळा लोकरी झगा. शाखेच्या म्होरक्याला कारभारी म्हणायचं, हे ठरलं होतं. आर्डिस गुडघ्यांवर बसून झग्याची किनार दुमडत होती, तोंडात टाचण्या.

ऑरिनने फोनवर हात ठेवला. "पाचवं नाव विचारतोय!"

"माझं शिरस्त्राण सांग," वर्लिन म्हणाला. "माझ्याहून जास्त अक्कल आहे त्याला."

आर्डिसने टाचण्या काढल्या. "आल्दिथ," ती म्हणाली.

"करते काय?"

"सगळं. उंच आहे. डाव्या हाताला करंगळी नाही, थंडीत गेली. कुठेही जाते, कुणाशीही बोलते. आणि हसली ना, की मेंढ्या उठून उभ्या राहतात."

वर्लिनच्या नाकातून कॉफी आली. ऑरिनने सगळं जसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं. मग त्याचा चेहरा पडला. "तिच्याशी बोलायचंय म्हणतो."

"सांग," आर्डिस म्हणाली, "आत्ताच गेली."

शाखा मान्य झाली. त्या दिवसापासून 'आत्ताच गेली' हा चौघांचा परवलीचा शब्द झाला. मेजवानीला आल्दिथचं ताट मांडायचं, तिच्या कपात सफरचंदाची गरम वाइन ओतायची, आणि कुणी पाहुण्याने विचारलं की एका सुरात सांगायचं, आत्ताच गेली. हसून हसून कॉर्लिसचा मफलर भिजायचा. आर्डिस तोंडावर हात ठेवून हसायची, आणि रात्री घरी गेल्यावर आल्दिथ अजून कुठे कुठे जात असेल याचा विचार करत पडायची. आपल्याला जे जमलं नाही ते सगळं तिने त्या बाईला देऊन टाकलं होतं.

शाखा वाढली. नदीपलीकडच्या गावांतून लोक येऊ लागले. दुसऱ्या वसंतात पलीकडची एक मुलगी आर्डिसला म्हणाली, "तुमच्या आल्दिथने मला दुहेरी टीप शिकवली. चार बोटांनी किती भरभर शिवते हो!"

आर्डिसने वर्लिनला गाठलं. "कुणाला पढवून ठेवलंयस?"

"मी? बाई, शाळेतसुद्धा माझी खोडी पहिल्या मिनिटाला पकडायचात तुम्ही. माझी काय बिशाद!"

मग एका रविवारी कॉर्लिस कांदे चिरता चिरता म्हणाली, "थोडी आधी आली असतीस तर! आल्दिथ होती इथे. अर्धी पाटी तिनेच सोलली. काय हसते गं ती!"

"पुरे हं, कॉर्लिस. आता आपापसातही?"

"आपापसात काय?"

"अगं, आपण बनवली तिला. माझ्या स्वयंपाकघरात. फोनवर."

कॉर्लिसने सुरी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा नव्हती. नवऱ्याला कावीळ झाल्याची शंका आली होती तेव्हा ती त्याच्याकडे असंच बघायची. "आर्डिस," ती हळूच म्हणाली, "तुमचं दोघींचं भांडण झालंय का?"

पाटीत कांदे खरोखरच सोललेले होते. बाकावर आर्डिस टेकली तर बाक ऊबदार होतं. शेडच्या त्या टोकाला सगळ्या मेंढ्या उभ्या होत्या.

ऑरिनला सिअ‍ॅटलला नोकरी लागली. जाण्यापूर्वी कारभार कुणाच्या तरी हाती द्यायला हवा होता. आर्डिसला वाटलं होतं, आपल्याच. तो झगा तिने शिवला होता, त्याची प्रत्येक टीप तिला पाठ होती, आणि आयुष्यात एकदा तरी कुणीतरी भर सभेत आपलं नाव पुकारावं असं तिला फार वाटत होतं. ऑरिनने आपला निर्णय तिला घरी येऊन सांगितला. कप हातात घेतला आणि प्यायलाच नाही.

"मी आल्दिथला देतोय, आर्डिस."

"ऑरिन, फोन तू केला होतास."

"हो. केला होता." तो खिडकीतल्या जिरेनियमकडे बघत राहिला. "मलाही मध्येमध्ये आठवतं ते. मग ती येते, आणि आठवण्यासारखं काही उरत नाही. तुम्हाला वाईट वाटेल, असं तीच म्हणाली मला. म्हणाली, माझ्यानंतर आर्डिसच."

"मला भेटत का नाही मग ती?"

ऑरिनने भरलेला कप तसाच खाली ठेवला.

कारभार सोपवण्याची रीत त्यानेच घालून दिली होती. उतरणाऱ्याने नव्याच्या मागे उभं राहायचं, झगा त्याच्या खांद्यांवर घालायचा, गळ्याशी बंद बांधायचे. सभेने तीनदा नाव पुकारेपर्यंत नव्याने समोरच बघायचं, मागे वळायचं नाही. उतरणाऱ्याला डोळे पुसायला तेवढा वेळ मिळावा, एवढाच हेतू. मग वळायचं आणि मिठी मारायची.

त्या दिवशी आर्डिस मुद्दाम पहिल्या बाकावर बसणार होती. वाटेत गाडीचं चाक बसलं. ती धावत शेडमध्ये शिरली तेव्हा टाळ्या विरत होत्या, ऑरिन हाताच्या पाठीने डोळे पुसत होता, आणि त्याच्यासमोर कुणी नव्हतं. निळा झगाही नव्हता.

"अरेरे, बाई," वर्लिन म्हणाला. "आत्ताच गेली."

आल्दिथचा कारभार सगळ्यांना आवडला. भांडखोर नमते झाले, लाजरे बोलू लागले, मैदानात तंबूंची रांग नदीपर्यंत गेली. आर्डिसला फक्त तिच्या खुणा भेटत. वाफ निघणारा कप. अजून हलणारी झोपाळ्याची फळी. ती लवकर यायची, उशिरा थांबायची, कोपऱ्यांवरून अचानक वळायची. एकदा तंबूचा पडदा तिने इतक्या घाईने बाजूला केला की आतला वारा तिच्या तोंडावर आला. त्याला लोकर आणि सफरचंदाचा वास होता. तंबूत बसलेल्यांनी ओशाळून तिच्याकडे पाहिलं. आता 'आत्ताच गेली' हे शब्द तिच्यासमोर उच्चारायचं त्यांनी सोडलं होतं.

शेवटी आर्डिसने आल्दिथला जे देता येत होतं ते दिलं. अंदाजाने, पण खरं तर अंदाजाची गरजच पडली नाही, मापं तिला ठाऊक होती. तिने एक हिरवा पायघोळ पोशाख शिवला आणि शेडमधल्या खुंटीवर टांगला. डाव्या बाहीच्या टोकाशी तिने मऊ अस्तर लावलं, करंगळीच्या खुंटाला थंडी बाधू नये म्हणून. पुढच्या रविवारी खुंटी मोकळी होती. त्याच्या पुढच्या रविवारी पोशाख परत तिथेच होता, किनार नदीच्या चिखलाने माखलेली. अस्तर चापून बसलं होतं, वापरात असल्यासारखं. आर्डिसने पोशाख नाकाशी धरला आणि पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली.

मग आर्डिसची पाळी आली.

आदल्या रात्री तिला झोप लागली नाही. आता आल्दिथला तिच्या पाठीमागे उभं राहावंच लागणार होतं. रीतच होती.

शेडच्या फळ्यांतून दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत येत होतं. आर्डिस समोर बघत उभी राहिली. मागे पेंढा वाजला. मेंढ्या उठल्याचा आवाज आला. खांद्यांवर लोकरीचं वजन पडलं. मग हात आले, गार, तिच्या हनुवटीखाली. तिने बोटं मोजली नाहीत. मोजायची गरज पडली नाही. तिचे केस कुणीतरी झग्याखालून अलगद सोडवून घेतले. तिची आई गेल्यापासून असं कुणी केलं नव्हतं.

"आर्डिस!" सभा ओरडली. "आर्डिस!"

हात तिच्या खांद्यांवर टेकले. किंचित दाबले.

"आर्डिस!"

ती वळली. उन्हात पेंढ्याची धूळ तरंगत होती.

कारभारी म्हणून ती चांगली निघाली. लोक तिचं ऐकत, तिच्या विनोदांना हसत. तीही हसायची, आणि तोंडावर हात न्यायचा राहून जायचा. पण आल्दिथ नंतर आली नाही. नदीच्या वरच्या अंगाला गेली म्हणे, कुणी म्हणे उत्तरेला. बाक गार असायचं. मेंढ्या बसून असायच्या. आर्डिस घरी रोज दोन कप खाली काढायची आणि दुसरा भरलेला तसाच निवायचा.

काही वर्षांनी तिने पुढचा कारभारी म्हणून वर्लिनचं नाव घेतलं. तिला थकवा आला होता असं तिने सांगितलं.

तीच शेड, तेच पट्ट्यापट्ट्यांचं ऊन. वर्लिन आता टकला झाला होता. निळा झगा त्याला आखूड पडत होता.

"बाई, गळा आवळू नका हं," तो समोर बघत पुटपुटला. "शाळेतले सगळे हिशेब आज चुकते कराल."

"गप उभा राहा," आर्डिस म्हणाली. तिने बंद बांधले. हात त्याच्या खांद्यांवर टेकवले, किंचित दाबले.

"वर्लिन! वर्लिन! वर्लिन!"

तो वळला, हात पसरून, डोळ्यांत पाणी. हात तसेच राहिले. त्याची नजर तिच्यावरून गेली, बाकावरच्या वाफाळत्या कपाकडे, मग दाराकडे.

"बाई कुठे गेल्या?"

"अरे, ही काय," आर्डिस म्हणाली. "इथे तर आहे."

पहिल्या रांगेत कॉर्लिसने मफलर डोळ्यांना लावला. "अरेरे, वर्लिन," ती म्हणाली. "आत्ताच गेली."

आर्डिसने त्याच्या बाहीला हात लावला. त्याने थंडी वाजल्यासारखा झगा ओढून घेतला.

शेडच्या त्या टोकाला एक मेंढी उठली. मग दुसरी. मग सगळ्या उभ्या राहिल्या आणि आर्डिसच्या पाठीमागे कुठेतरी, अगदी जवळ, टक लावून बघू लागल्या. सफरचंदाचा वास आला.

आता मागे वळायला तिला कसलीही मनाई नव्हती.