कोपरा फाडलेलं कार्ड

डोणगावला मी गेले ती फक्त पत्रं आणायला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि अमरावतीचा एक छापखानेवाला ह्यांच्या कविता पत्रांसकट छापायला तयार झाला होता.

लग्नाआधी हे तीन वर्षं डोणगावच्या शाळेत मास्तर होते, हबीबभाई रंगाऱ्यांच्या घरी राहत. पुढे खामगावला बदली झाली, लग्न झालं, तरी दर महिन्याला त्या घरी ह्यांचं लांबलचक पत्र जायचं. मी माहेरी गेले की मला मात्र एका ओळीचं कार्ड: 'क्षेम आहे, लवकर ये.' खोटं कशाला बोलू, मला त्या घराचा राग यायचा.

पोचले तेव्हा ऐन दुपार होती. अंगणभर निळीचा ओला वास. हबीबभाईंच्या बायकोनं, अमीनाभाभींनी, पाय धुवायला पाणी दिलं आणि खुंटीवरची तार काढून माझ्यापुढे ठेवली. पंधरा वर्षांची पत्रं तिच्यात ओवलेली. दोघांनाही मराठी वाचता येत नव्हतं. पण गावात कुणाकुणाकडून इतक्यांदा वाचून घेतलेली, की भाभी कागद हातात घेऊन मजकूर तोंडपाठ सांगायच्या.

"याच्यात तुमचंच हाय, वहिनी. 'सरस्वती अंगणात गाणं म्हणते, तेव्हा मी लेखणी खाली ठेवतो. तिला सांगत नाही, लाजून थांबेल.'"

इतक्या वर्षांत माझ्या गाण्याबद्दल हे चकार शब्द बोलले नव्हते. मी तिथंच रडले. असा माणूस मला घरात हवा होता, घटकाभर तरी.

तारेच्या टोकाशी, सगळ्यांत शेवटी ओवलेलं, माझ्याच हातचं कार्ड होतं. कोपरा फाडलेलं. हे गेल्याचं मीच कळवलं होतं. असलं पत्र वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही रीत कुणाला ठाऊक नाही?

"हे फाडलं नाही?"

हबीबभाईंनी दाराच्या पडद्याकडे पाहिलं. भाभी हळूच म्हणाल्या, "फाडाले घेतलं होतं... अन् तेवढ्यात भायेर सपरीत मास्तर खाकरले. मंग कसं फाडू, वहिनी? तवापासून रोज दुपारी येतेत. बसतेत... जातेत."

वेड लागलंय ह्या दोघांना, असं मी म्हणणार होते. पण दाराच्या पडद्यापलीकडे ओसरीवरची खाट करकरली... आणि कुणी खाकरलं. आधी मोठ्यानं, मग अर्धवट. ह्यांचंच. पडदा बाजूला करायचा धीर झाला नाही.

फाडलं तर सुटतील, हे मला कळत होतं. तरी मी कार्ड कमरेला खोचलं.

"त्याईले नेऊन राह्यल्या तुमी?" भाभींनी हात पुढे केला.

"माझं माणूस आहे ते," मी म्हणाले. "पत्रं सगळी ठेवा तुम्हाला."

खामगावला येऊन कार्ड फडताळात ठेवलं. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दुपारी ओसरीवर खाकरणं ऐकू आलं. हातातलं पीठ तसंच टाकून मी धावले, कडीला हात घातला...

"अमीनाभाभी," बाहेरून ह्यांनी अदबीनं विचारलं, "हबीबभाई आहेत का घरात?"

माझा हात कडीवरच राहिला. मग मी पदर डोक्यावर ओढला.

"आहेत," मी म्हणाले. "बसा."