हँडल वळलं, पण हरणी वळेना

हँडल डावीकडे वळलं. दोन्ही स्की डावीकडे वळल्या. आणि आमची हिमगाडी मात्र नाकासमोर सरळ निघाली!

हे मी स्वतः दुर्बिणीतून पाहिलं, म्हणून छातीठोकपणे सांगते. हिमगाडीवर माझी आई होती. समोर कोयता वळण होतं. कोयत्यासारखं वाकडं आहे म्हणून आम्ही त्याला तसं म्हणतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला लाल झेंड्यांची रांग आहे आणि झेंड्यांपलीकडे हिमभेग (बर्फाला पडलेली खोल चीर) आहे. आई दोनदा चढावर गेली, दोनदा तिने हँडल पूर्ण वळवलं आणि दोन्ही वेळा गाडी घसरत झेंड्यांकडे गेली. दुसऱ्यांदा ती झेंड्यांपासून चार हातांवर थांबली.

आम्ही राहतो अंटार्क्टिकावर, ‘शिशिर’ नावाच्या संशोधन तळावर. साल २०७१. आता इथे शास्त्रज्ञांना घरच्यांसकट राहता येतं, त्यामुळे माझी सहावीची शाळा इथेच भरते. शाळेत विद्यार्थी मी एकटीच, म्हणून पहिला नंबरही माझाच!

पण त्या दिवशी चेष्टेची वेळ नव्हती. कोयता वळणापलीकडे चाळीस किलोमीटरवर छावणीत माझे बाबा होते. बर्फाला भोकं पाडून त्यात अडकलेल्या जुन्या हवेचे नमुने काढताना ते पडले आणि त्यांचा पाय मोडला. वारा इतका होता की विमान उतरणार नव्हतं. त्याच संध्याकाळी मोठं वादळ येणार होतं आणि ते आठवडाभर हटणार नव्हतं. बाबांना आणायचं तर आमच्या हिमगाडीने, म्हणजे हरणीनेच. आणि हरणी वळत नव्हती.

“वृंदाताई, वळण जमत नसेल तर मी परवानगी देणार नाही,” तळाचे प्रमुख टिळेकर सर परत आलेल्या आईला म्हणाले. “एकाला वाचवायला जाऊन दोघं गमवायची का?”

आईने हातमोजे काढले आणि ती हरणीकडे बघत उभी राहिली.

तेवढ्यात कार्यशाळेतून आज्जी आली. आज्जी म्हणजे बाबांची आई, डॉ. सगुणा सुतार. चाळीस वर्षं तिने बर्फावरच्या आणि वाळूवरच्या गाड्यांवर संशोधन केलंय. मूळची सांगलीकडची. तिचे वडील बैलगाड्या बनवायचे. जगभरच्या परिषदांत भाषणं देऊन आली, पण बोलणं गावचंच राहिलं. मला तर ती सगळ्या विश्वकोशांपेक्षा भारी वाटते, कारण विश्वकोश कधी लाडू देत नाहीत.

आज्जी हरणीभोवती एक फेरी मारून आली. खाली वाकली, गाडीला मागून ढकलणाऱ्या रुंद रबरी पट्ट्याच्या आत विजेरीचा उजेड पाडला आणि उठली.

“ह्याला हात कुणी लावला?”

तळावरचा यंत्रमानव गुंडू लगेच म्हणाला, “चार दिवसांपूर्वी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, केतकीताईंच्या सूचनेवरून, मी.” गुंडूला खोटं बोलता येत नाही. काही वेळा त्याचा हा गुण फार त्रासदायक ठरतो.

मग मी सगळं सांगून टाकलं. हरणीचं हँडल जड होतं आणि आईचा खांदा दुखायचा. मला वाटलं, पुढचं तोंड हलकं केलं की गाडी सहज वळेल. म्हणून गुंडूच्या मदतीने नाकावरची चाळीस किलोची बॅटरीपेटी मी मागच्या कॅरियरवर बांधली आणि पट्ट्याच्या आतली पुढची स्प्रिंग चांगली आवळली. हँडल लोण्यासारखं फिरायला लागलं. तळाजवळ सपाटीवर आईने हळू चालवून पाहिली, तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. आज्जी तेवढी कार्यशाळेत होती.

“माझ्यामुळे बाबा...” मी रडायलाच लागले.

“रडं नंतर,” आज्जी म्हणाली. तिचा स्वर कडक होता, पण हात माझ्या डोक्यावर होता. “आदी सांग, उसाची ट्रॉली बघितलीस का कवा? आपल्या गावाकडं?”

“बघितली की. डोंगराएवढी भरतात.”

“आन् चढ लागला की ट्रॅक्टरचं काय हुतं?”

मला आठवलं. साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उचललेली मी पाहिली होती. ड्रायव्हर स्टीअरिंग गरागरा फिरवत होता आणि दोन माणसं धावत येऊन बॉनेटवर बसली होती.

“चाकं जमिनीला टेकलीच न्हाईत, तर वळवून उपेग काय?” आज्जी म्हणाली. “बैलगाडी मागं जड झाली की आमी म्हणायचो, गाडी उलार झाली. तुजी हरणी उलार झालीया, पोरी.”

“पण आज्जी, हरणीच्या स्की तर बर्फाला टेकल्या होत्या! मी पाहिलं.”

“टेकल्या हुत्या. दाबल्या न्हवत्या.”

तिने एका परातीत बर्फ आणवला, थापटून सपाट केला आणि माझ्या हातात पोलादी पट्टी दिली. “धारेवर उभी धर. अल्लाद टेकव, आन् आडवी ढकल.”

मी ढकलली. पट्टी बर्फावरून सुर्रकन आडवी सरकली.

“आता दाबून ढकल.”

पट्टी बर्फात रुतली आणि कितीही जोर केला तरी आडवी हलेना. पुढेमागे मात्र ती सहज सरकत होती, आपलाच चर धरून.

मला एकदम उमगलं. स्कीच्या पोटाखाली अशीच एक पोलादी धार असते. ती बर्फात रुतली तरच स्की आडवी घसरत नाही आणि वळवू तिकडे गाडीचं तोंड ओढते. ती रुतायला वरून वजन हवं. मी तर तेच वजन काढून घेतलं होतं! हँडल हलकं झालं, कारण धार बर्फाला धरतच नव्हती.

“पण सपाटीवर कशी वळली मग?” आईने विचारलं.

“तितं तू हळू हुतीस. चढावर तू जोर दिलास. जोर दिला की वजन मागं पळतंय, मागची स्प्रिंग दबती आन् नाक उचलतंय. आदीच हलकं नाक, त्यात आनि हलकं झालं.”

टिळेकर सरांनी घड्याळ पाहिलं. “चार तास देतो. तेवढ्यात वळली तर जा.”

आणि मग मी जे पाहिलं ते मला जन्मभर पुरेल. आज्जीचा मुलगा तिकडे बर्फात पडलेला होता, पण तिचा हात एकदाही चुकला नाही. तिचा नियम एकच होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मोजायचं. गुंडूने दोन्ही स्कींखाली वजनकाटे सरकवले. प्रत्येकीवर भार फक्त चौतीस किलो.

बॅटरीपेटी परत नाकावर गेली. मग आम्ही पट्ट्यातली पुढची स्प्रिंग सैल केली. ही स्प्रिंग म्हणजे निलंबनाचा (धक्के पचवणाऱ्या रचनेचा) भाग. ती कडक असली की पट्ट्याच्या पुढच्या टोकावर उभी राहून गाडीचं नाक उचलून धरते, आणि सैल केली की ते वजन स्कींवर उतरतं. तिच्याशेजारी एक जाड पट्टी असते, लगाम-पट्टी (पट्ट्याच्या पुढच्या भागाला खाली फार ताणू न देणारी). ती आज्जीने दोन भोकं आखूड केली. त्यामुळे जोर दिल्यावरही नाक फार वर जाणार नव्हतं. स्कींखालच्या धारा झिजून गोल झाल्या होत्या, त्या मी आणि गुंडूने बदलल्या.

“आता स्की सरळ हाईत का बघू,” म्हणत आज्जीने खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं.

“माझ्याकडे लेझर आहे, डॉक्टर,” गुंडू जरा दुखावून म्हणाला.

“आसू दे बाबा. माजा बा सुतानंच चाकं जुळवायचा.”

तिने पट्ट्याच्या कडेला धरून दोरा थेट स्कीच्या टोकापर्यंत ताणला. दोऱ्यापासून स्कीच्या पुढच्या टोकाचं आणि मागच्या टोकाचं अंतर मी मोजलं. उजवी स्की आत झुकलेली निघाली. अशा स्की एकमेकींशी भांडतात आणि गाडी उगाच इकडेतिकडे भटकते. आज्जीने दोन्हींची टोकं केसभर बाहेर ठेवली. गुंडूने लेझर मारून खात्री केली आणि “बरोबर आहे” असं अगदी बारीक आवाजात म्हटलं.

काट्यावर आता एकाहत्तर किलो होते. मी टाळ्या पिटल्या. आई चाचणीला निघाली, तळामागच्या चढावर तिने हँडल फिरवलं, आणि हरणी झटकन वळली! पण परतताना उतारावर तिची शेपटीच बाहेर फेकली गेली. गाडी भोवऱ्यासारखी अर्धी गिरकी घेऊन थांबली.

“हँडल दगडासारखं झालंय,” आई धापा टाकत म्हणाली.

“अति झालं. स्कीनं लई धरलं आन् मागच्या पट्ट्याची पकड सुटली,” आज्जी शांतपणे म्हणाली आणि तिने लगाम-पट्टी एक भोक सैल केली. “पुढं किती, मागं किती, ह्याचा मेळ बसायला पायजे. सगळं पुढं टाकूनबी भागत न्हाई.”

आता काटा अठ्ठावन्नवर आला. आई पुन्हा गेली, या वेळी थेट कोयता वळणावर. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. हरणीने चढ घेतला, नाक खाली ठेवलं, दोन्ही स्कींमागे बर्फाच्या दोन बारीक रेषा उमटल्या आणि ती झेंड्यांपासून लांबून, डौलात वळून गेली. टिळेकर सर रेडिओवर गेले आणि छावणीला म्हणाले, “निघतेय.”

आई परत येऊन, मागे घसरगाडी (बर्फावरून ओढत न्यायची बिनचाकी गाडी) जोडून निघाली. तीन तासांनी रेडिओ खरखरला. बाबांना घसरगाडीत झोपवलं होतं, पाय बांधला होता आणि आई परत फिरत होती. सगळे एकमेकांना चहा देऊ लागले. माझ्या हातातही कप होता, आणि मी खिडकीतून कोयता वळणाकडे बघत होते. जाताना तिथे चढ होता. म्हणजे येताना...

“आज्जी!” मी ओरडले. “येताना तो उतार आहे!”

आज्जीचा कप टेबलावर आदळला.

“चढावर वजन मागे पळतं,” मी भराभर बोलत होते, “तर उतारावर ते पुढे येणार! ब्रेक लावला की आणखी येणार. मघाशी गिरकी बसली ती उतारावरच. आणि आता मागून घसरगाडीही ढकलणार. शेपटी बाहेर फेकली जाईल, झेंड्यांकडे!”

आज्जीने क्षणभर डोळे मिटले. “मी पोराच्या काळजीत अर्धाच रस्ता बघितला गं,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. मग तिने रेडिओ उचलला आणि माझ्या हातात दिला. “तूच सांग. तुला कळलंय.”

मी बटण दाबलं. “आई, वळणाच्या आधी सपाटीवर थांब. बॅटरीपेटी नाकावरून काढ आणि मागच्या कॅरियरवर बांध. लगाम-पट्टी एक भोक सैल कर. उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस, वळणाआधीच वेग कमी कर.”

“केतकी, म्हणजे पेटी तू आधी ठेवली होतीस तिथेच?” आईने विचारलं.

“हो. चढावर ती चूक होती. उतारावर तीच बरोबर आहे.”

“ठीक,” आई म्हणाली. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि त्या विश्वासाची मला जास्तच भीती वाटली.

जवळजवळ दोन तासांनी हरणी वळणाच्या वरच्या टोकाला दिसली. वादळाची करडी भिंत तिच्या मागे उभी होती. आई हळू झाली. हरणी उताराला लागली, वळली, घसरगाडी मागे जरा बाहेरच्या अंगाला ओढली गेली, पण पट्ट्याने बर्फ सोडला नाही. शेपटी जागेवर राहिली. झेंडे मागे पडले. गुंडू अंतर मोजून सांगत होता आणि मी त्याला गप्प बस म्हणून ओरडत होते. आज्जी माझा हात इतका घट्ट धरून होती की बोटं बधिर झाली.

बाबांना आत आणलं, तेव्हा त्यांच्या दाढीवर बर्फ होता आणि चेहरा पांढराफटक होता. मी त्यांना बिलगून सगळं कबूल केलं, बिघडवण्यापासून. बाबा क्षीण हसले. “बिघडवलंस आणि मग समजून घेतलंस. माझे निम्मे शोध असेच लागलेत.”

वादळ तळावर आदळलं, तेव्हा आम्ही सगळे बाबांच्या खाटेभोवती बसलो होतो. माझं डोकं मात्र थांबेना. गुरूच्या युरोपा या चंद्रावर सगळीकडे बर्फच बर्फ आहे, हे मी शिकले होते. पुढेमागे तिथेही हिमगाडी जाईलच.

“आज्जी, युरोपावर वजन पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी भरतं,” मी म्हणाले. “स्कीची धार बर्फात रुतायला वजन लागतं. मग तिथे गाडी वळणार कशी?”

सगळे आज्जीकडे बघू लागले. मला खात्री होती, ती आता परात मागवेल. पण तिने दोऱ्याचं रीळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

“मला ठावं न्हाई,” ती म्हणाली. “ती गाडी तू कर.”