शेवटचा हात व्हार्निशचा

श्रावणातल्या एका शनिवारी शाळेतून घरी जाताना पारनाक्यापाशी माझ्या छत्रीची काडी मोडली. छत्री उलटी झाली, मी निम्मी भिजले आणि समोर जे पहिलं दुकान दिसलं त्याच्या पायरीवर चढले. दुकान छत्र्यांच्या दुरुस्तीचंच निघालं. माझं नशीब एवढं तत्पर क्वचितच असतं.

"घरी ही सताड उघडून वाळवता ना?" दुकानातल्या माणसाने छत्री हातात घेत विचारलं. तिशीचा असेल. सावळा, शांत डोळ्यांचा, आणि दहाही बोटांवर व्हार्निशचे डाग.

"मग काय मिटून वाळवू?"

"अर्धी मिटून. सताड ठेवली की कापड आटतं नि काड्यांवर जोर येतो. माझ्या मते कल्याणातल्या निम्म्या छत्र्या पावसाने नाही, वाळवण्याने मरतात."

"तुमच्या मते?"

"माझ्याच. दुसऱ्याचं मत मी कशाला सांगू?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून चांगलं लक्षात आहे.

बाबांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. १९५१ साल ते. मी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवत होते आणि दोन खोल्यांत एकटी राहत होते. एकटीपुरता भात लावणं मला कधीच जमलं नाही; रोज मूठभर जास्त व्हायचा. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवार सकाळपर्यंत माझा आवाज मलासुद्धा ऐकू येत नसे. कुणाशी बोलायचं?

तो काडी बदलत होता तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे मासेमारीच्या काठ्या टांगल्या होत्या. आपल्याकडच्या साध्या गळाच्या नव्हेत, साहेबी. बांबूच्या सहा बारीक चिपा चिकटवून केलेल्या, वेताच्या छडीसारख्या लवचीक, अंगावर दोरा ओवायला छोट्या छोट्या कड्या. शेजारच्या बरणीत पिसांच्या खोट्या माश्या होत्या. गळाला कोंबडीचं पीस रेशमाने असं बांधायचं की माशाला ती पाण्यावर बसलेली माशी वाटावी.

"अशी एक आमच्याकडे आहे," मी म्हटलं.

त्याचे हात थांबले. "तुमच्याकडे? कुणाची?"

"बाबांची. त्यांच्या साहेबाने जाताना दिलेली. दर रविवारी कसाऱ्याच्या गाडीने खडवलीला नदीवर जायचे. मासा धरायचे... आणि परत पाण्यात सोडायचे. आमच्याकडे मासे खात नाहीत ना."

"काळी टोपी? धोतर खोचून पाण्यात उभे राहायचे? आणि माशाला सोडताना काहीतरी पुटपुटायचे?"

"'जा बाबा, सांभाळून' म्हणायचे," मी म्हटलं.

"मी खडवलीचाच. माझा बाप साहेब लोकांना होडीतून फिरवायचा, मी त्यांच्या काठ्या दुरुस्त करायला शिकलेलो. तुमच्या वडलांना कितीदा बघितलेलं." तो जरा थांबला. "मासा सोडून देणं मात्र मला कधी पटलं नाही. माझ्या मते तेवढी मेहनत केली तर आमटी तरी व्हावी."

वर्षभर लोक मला बाबांबद्दल 'फार भले होते' एवढंच सांगत होते. त्यांच्याशी भांडणारं कुणी भेटलं नव्हतं. मला तो माणूस तिथेच आवडला. पण ही गोष्ट तेव्हा मी स्वतःलाही सांगितली नाही.

पुढच्या शनिवारी मी काठी घेऊन गेले. त्याचं नाव दौलत. तो मला 'बाई' म्हणे, मी त्याला 'दौलतराव'. त्याने पत्र्याची नळी उघडली, काठी बाहेर काढली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादं मूल पावसात विसरून आले होते.

"ओली काठी नळीत घातलीत?"

"बाबा शेवटचे खडवलीहून आले ते तापातच. मी पुसायची विसरले. नंतर... उघडवली नाही."

तो एकदम नरमला. "होतं असं," म्हणाला. "चिपा सुटल्यात. कड्या बांधलेलं रेशीम कुजलंय. सगळं सोडवून पुन्हा करावं लागेल. आणि नियम लक्षात ठेवा, ओली काठी नळीत घालायची नाही. पाण्याने ओली असो की व्हार्निशने. वाळेपर्यंत ती कुठे जात नाही."

कड्या बसवायला बारीक रेशीम लागतं आणि साहेब गेल्यापासून ते मिळेनासं झालं होतं. माझ्या शिवणाच्या पेटीत भरतकामाच्या रेशमाच्या लडीच्या लडी पडलेल्या. अशा रीतीने मी पुढच्या शनिवारी पेटी घेऊन गेले, आणि मग दर शनिवारी जाऊ लागले.

काम असं चाले: तो काठी दोन्ही हातांनी आडवी धरून हळूहळू फिरवायचा आणि मी रेशीम ताणून धरायची. वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, मध्ये केसाएवढीही फट नको. दोघांनी एका लयीत चालावं लागे. तो भरभर फिरवू लागला की माझा दोरा सुटे, मी डोळे वर केले की त्याची काठी थांबे.

"इकडे नका बघू, दोऱ्याकडे बघा," तो म्हणायचा.

"मी दोऱ्याकडेच बघतेय. तुम्ही कुणाकडे बघताय?"

"...दोऱ्याकडेच."

एका शनिवारी एकच कडी. दहा कड्यांची काठी. हे सगळं एका दुपारचं काम आहे हे मला पुढे कळलं; त्या वेळी मात्र तो म्हणायचा, "घाईत गुंडाळलेलं रेशीम सुटतं, बाई." मीही मान डोलवायची. खरं सांगायचं तर चौथ्या कडीपर्यंत मलाही शंका आली होती. मी ती बोलून दाखवली नाही.

आणि त्याची मतं! चहात आलं घालणारे लोक चहाची चव लपवतात. घोड्याच्या टांग्यात मागे बसावं, पुढे बसणाऱ्याला टांगेवाल्याचं दुःख ऐकावं लागतं. रेल्वेची गाडी वेळेवर सुटली तर समजावं की ती कालची आहे. रेशमाबद्दल तर विचारूच नका. "लाल रेशीम व्हार्निशखाली काळपट पडतं. हिरवं चांगलं टिकतं. पिवळं तपकिरी होतं."

"आणि पांढरं?"

"पांढरं या कामात कुणी वापरत नाही."

"का?"

"नाही वापरत," एवढंच म्हणून तो काठी फिरवू लागला. आम्ही हिरवं घेतलं.

साहेब गेले तसं त्याचं हे काम जवळजवळ संपलं होतं. छत्र्यांवर पोट चाले. आई खडवलीला, हा दुकानाच्या माळ्यावर. "लग्न?" मी एकदा अगदी सहज विचारलं, निदान मला तसं वाटलं.

"गेलेल्या साहेबांच्या काठ्या दुरुस्त करणाऱ्याला कोण मुलगी देणार?"

"छत्र्या सांगायच्या. कल्याणात पाऊस कुठे जातोय?"

तो हसला. त्या दिवशीची कडी आम्हाला तीनदा सोडून पुन्हा बांधावी लागली.

नवव्या कडीच्या आठवड्यात नागपूरहून दादाचं पत्र आलं. वहिनीला दिवस गेले होते, घरात माणूस हवं होतं. 'एकटी किती दिवस राहशील? दिवाळी झाली की ये. इथल्या शाळेत बघू तुझं काहीतरी.' दादा मनाने वाईट नाही. पण 'तुझी आठवण येते' हे वाक्य मी त्या पत्रात दोनदा शोधलं. तिथे मी कामाची होणार होते, एवढं नक्की. भरल्या घरातलं एकटेपण कसं असतं, ते मला आधीच दिसत होतं. तरी 'नाही' कशाच्या जोरावर म्हणायचं? कल्याणात मला कुणी 'थांब' म्हटलं नव्हतं.

शनिवारी मी दौलतरावांना पत्राची गोष्ट सांगितली. काठी फिरायची थांबली.

"कधी?"

"दिवाळीनंतरच्या शुक्रवारी." मी दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "तुमचं प्रत्येक गोष्टीवर मत असतं ना? मी जावं की नाही, यावर आहे काही?"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार संपला.

"लोकांच्या घरच्या बाबतीत मी बोलत नाही," तो म्हणाला.

"चहाबद्दल बोलता. रेल्वेबद्दल बोलता."

"ते माझ्या बोलण्याने बदलत नाही, बाई. म्हणून बिनधास्त बोलतो."

मला राग आला. खूप राग आला, आणि त्याच्या तळाशी रडू होतं. मी दोरा तोडून दिला आणि पेटी तिथेच ठेवून निघाले. पुढच्या शनिवारी गेलेच नाही. दहावी कडी त्याने एकट्यानेच बांधली असणार.

दिवाळी झाली. एक पणती लावली, ती विझेपर्यंत पाहत बसले. सोमवारी काठी आणायला गेले. काठी देखणी झाली होती. पण मुठीच्या वर, जिथे नुसत्या शोभेचा पट्टा असतो, तिथे बोटभर लांब रेशीम गुंडाळलेलं होतं... पांढरं. माझ्याच पेटीतलं. आणि कोरडं, व्हार्निश न लावलेलं.

"पांढरं कुणी वापरत नाही ना?"

"या वेळी वापरलं." तो छत्रीच्या काडीशी खेळत होता, वर बघत नव्हता. त्याने एक बुटकी बाटली आणि ब्रश माझ्यापुढे सरकवला. "एवढ्या पट्ट्यावर व्हार्निशचा शेवटचा हात तुम्ही मारा."

"अर्धं काम गिऱ्हाइकाच्या हातात देता होय हल्ली?"

"एवढं एकच."

"नागपूरला गेल्यावर मारीन."

"नाही नाही... इथेच मारा. जायच्या आधी." मग जरा अडखळून, "तिकडची हवा कोरडी."

इतकं वाईट कारण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण माझं डोकं रागाने भरलेलं होतं. मला वाटलं, संपलं. रंगाचं रेशीमसुद्धा वाया घालवायचं नव्हतं याला माझ्यावर. मी पेटी, काठी, बाटली उचलली आणि घरी आले.

गुरुवारी दुपारी ट्रंकेला दोरी बांधली. तिकीट पर्समध्ये होतं. खोली इतकी रिकामी झाली होती की चालले तरी आवाज घुमत होता. काठी नळीत घालायला घेतली आणि तो कोरडा पांढरा पट्टा डोळ्यांना टोचला. मी शिवणकामाची बाई. मुलींचं अर्धवट सोडलेलं काज मला बघवत नाही, आणि हे तर बाबांच्या काठीवर होतं. खिडकीशी बसले, बाटली उघडली. तो वास आला तसे मागचे सगळे शनिवार एकदम अंगावर आले. मी डोळे पुसून पट्ट्यावर ब्रश टेकवला.

रेशीम भिजलं आणि दिसेनासं झालं.

आधी वाटलं, मी काहीतरी बिघडवलं. ब्रश जिथे जिथे जाई तिथला पांढरा रंग विरघळल्यासारखा जाई आणि खालचा बांबू काचेतून दिसावा तसा दिसे. आणि बांबूवर काळ्या शाईने, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मी हळूहळू ब्रश पुढे नेला. एकेक अक्षर वर आलं.

'माझं मत : जाऊ नका.'

किती वेळ बसले होते कोण जाणे. हसत होते की रडत होते, तेही नाही सांगता येणार. मग उठले. पायात चपला सरकवल्या आणि ती ओली काठी दोन्ही हातांवर आडवी घेऊन, पूजेचं ताट न्यावं तशी, भर बाजारातून पारनाक्याला निघाले. लोक वळून बघत होते. बघू देत.

दौलतरावांनी मला पाहिलं, काठी पाहिली, आणि हातातली छत्री खाली ठेवली.

"ओली काठी धुळीतून आणलीत?" ते म्हणाले. "धूळ चिकटेल."

"चिकटली."

"मग घासून पुन्हा हात मारावा लागेल."

"मारा. वाळेपर्यंत ती कुठे जात नाही, असा कुणाचातरी नियम आहे."

"आणि... उद्याची गाडी?"

"काठीला सोडून मी कशी जाऊ? बाबांची एकच तर आहे." मी काठी त्यांच्या हातांवर ठेवली. माझी बोटं मात्र काढून घेतली नाहीत. "शाईने लिहिलंत. रेशमाखाली लपवलंत. मी हात मारलाच नसता तर?"

"रोज तोच विचार करत होतो. झोप नाही सोमवारपासून."

"मग तोंडाने का नाही बोललात?"

"बोललो असतो आणि तरी तुम्ही गेला असतात, तर... मग दुकानात बसवलं नसतं मला."

"आता बोला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी दोऱ्याचं निमित्त नव्हतं. "जाऊ नका," ते म्हणाले. "कुठेच जाऊ नका."

दादाला मी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं. वहिनीच्या बाळंतपणाला महिनाभर येईन, पण परत येण्यासाठी येईन, आणि का ते भेटल्यावर सांगेन. दादा रागावणार होता, आणि पुढे रागावलाही.

शुक्रवारी दुपारी शाळेला सुट्टी होती. मी दुकानात होते. ते काठी फिरवत होते, मी नवं रेशीम धरलं होतं. या खेपेला त्यांनीच पांढरं मागितलं, आणि खाली काय लिहायचं ते मी ठरवणार होते. स्टेशनाच्या बाजूने लांब शिट्टी आली. नागपूरची गाडी. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अगदी वेळेवर सुटली," मी म्हटलं. "आता?"

दौलतरावांनी शिट्टी पूर्ण संपेपर्यंत ऐकली.

"रेल्वेबद्दल," ते म्हणाले, "मी जरा जास्तच बोललो होतो." आणि काठी पुन्हा हळूहळू फिरू लागली.