पुढचा ब्रेक आणि खिंडीतली किटली

भर हिवाळ्यात खिंड चढायची, आणि तीही एका किटलीसाठी! तांब्याची, बुडाला पोचे आलेली, तोटीला दोनदा डाग दिलेली किटली. नवीच्या नवी बाजारात कुठेही मिळाली असती. पण गावात मोटरसायकलवाल्यांच्या दोन टोळ्या होत्या, एक मामाच्या गॅरेजची आणि दुसरी पेट्रोलपंपाची, आणि या दोन टोळ्यांना बाजारातली किटली नको होती. त्यांना ती खिंडीतलीच हवी होती.

रीत अशी, की किटली ज्यांच्याकडे असेल त्यांनी थंडी पडायच्या आत ती वर खिंडीतल्या पडक्या चौकीत नेऊन ठेवायची. मग रस्ता बर्फाने भरला, की जो कोणी आधी गाडीवरून जाऊन ती खाली आणील, त्याच्या दुकानात वर्षभर तिचा चहा. गेल्या हिवाळ्यात ती पंपवाल्याने मारली होती. मामाच्या गॅरेजातली फळीवरची जागा वर्षभर रिकामी होती, आणि तिथे कोणी साधा पाना ठेवला तरी मामा अंगावर यायचा.

या मोहिमेत फोटोबाई निघाली ती किटलीसाठी नव्हे. ती इस्पितळात एक्स-रे काढायची, म्हणून गावात तिला सगळे फोटोबाई म्हणत. हिवाळा आला की तिच्या टेबलावर रांग लागे. मोडलेली मनगटं, निखळलेले खांदे, फुटलेले जबडे. आणि प्रत्येक जण कण्हत कण्हत तेच सांगे, "बाई, माझी काही चूक नव्हती, बर्फच वाईट होता." बर्फ वाईट! हातमोजे घरी, हेल्मेट माळ्यावर, आणि वाईट काय, तर बर्फ! ऐकून ऐकून तिचं डोकं फिरायची वेळ आली होती.

त्यातून या लोकांचं एक खास शास्त्र होतं. थंडी सुरू झाली की गावातले सगळे शहाणे पुढच्या ब्रेकची केबल सोडवून टाकत. बर्फावर पुढचा ब्रेक लागला की चाक अडकतं आणि माणूस आडवा होतो, म्हणून ब्रेकच नको. हे शास्त्र मामाचंच. हेल्मेटबद्दलही त्याचं मत ठाम होतं. गाडी कानाने चालवायची असते, कान झाकले की इंजिन काय म्हणतंय ते कळत नाही. भाचीने, म्हणजे फोटोबाईनेच, तीन हिवाळ्यांपूर्वी आणून दिलेलं हेल्मेट त्याने खिळे ठेवायला घेतलं होतं.

बाप गेल्यावर तिला आणि थोरल्या बहिणीला याच मामाने वाढवलं होतं. हात धरून सायकल शिकवली होती, पहिली मोटरसायकल जोडून दिली होती. हा माणूस एक दिवस आपल्याच टेबलावर आडवा येणार, या विचाराने तिला दरवर्षी झोप लागत नसे. यंदा मामीने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "तो माझं ऐकणार नाही. तू जा बरोबर, आणि त्याला धड परत आण."

म्हणून ती निघाली. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी, मामा हात धुवायला मागे गेलेला असताना, तिने आणखी एक गोष्ट केली. खणातून केबल काढली आणि मामाच्या गाडीचा पुढचा ब्रेक गुपचूप जोडून टाकला. वेळ पडली तर असू दे, तिने मनाशी म्हटलं. सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. शिवाय तो त्या लिव्हरला हात कशाला लावेल? त्याच्या लेखी ती मेलेलीच होती.

सकाळी मामीने खिळे ओतून दिले आणि हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने मामाच्या हनुवटीखाली आवळला. "काढलंस तर परत आल्यावर दार उघडणार नाही," एवढंच ती म्हणाली. मामा कुरकुरत बसला. तिसरे होते भावोजी, थोरलीचा नवरा. बेकरीवाले, अंगाने गोल, स्वभावाने पावासारखे मऊ, आणि गेल्याच हिवाळ्यात मनगटाचा फोटो काढून गेलेले. या वेळी त्यांनी मोजे घातले होते, पण भट्टीतून पाव काढायचे!

फोटोबाईने जाड जाकीट, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कडक पट्ट्या, मनगटावर चढणारे हातमोजे असा जामानिमा केला होता. मामाने तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, की लढाईबिढाई आहे का वर? तिने दात आवळले आणि किक मारली.

सूचिपर्णी झाडांतून जाणारा खालचा रस्ता बरा होता. बर्फ दाबून बसलेला, त्यावर वाळू. मामाची जुनी दणकट गाडी पुढे, मध्ये भावोजी, शेवटी तिची हलकी, एकाच माणसाची गाडी. झाडं विरळ होत गेली तसा वारा बोचू लागला. एका जागी झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहता वाहता गोठलं होतं. तिथे उतरून, एकेक गाडी तिघांनी ढकलून पार करावी लागली. पलीकडे मामाची गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि मागे वळूनही न पाहता तो निघाला. वर डोंगराच्या खांद्यावर चौकीचं छप्पर दिसायला लागलं होतं ना!

भावोजींची गाडी काही सुरू होईना. फोटोबाई त्यांच्यासाठी थांबली. किक मारून मारून दमले की भावोजी हँडल धरून उभे राहायचे आणि पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबायचे, सोडायचे, दाबायचे, सोडायचे. गाईचं दूध काढावं तसं चाललेलं.

"भावोजी, त्याला केबलच नाही. काय दाबताय?"

"बोटांसाठी गं. ब्रेक सुटा असला की ही मोकळी असते. दाबत राहायचं, रक्त फिरतं, बोटं बधिर होत नाहीत. वर गेलं की सगळेच करतात. मामांनीच शिकवलंय."

तिने दचकून वरच्या रस्त्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हिवाळ्यात ती फक्त गावात गाडी चालवत आली होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं. खाली मामाची बोटं गरम होती, म्हणून लिव्हर तशीच राहिली. पण आता वर वारा होता!

ती गाडीवर बसली आणि सुटली. हॉर्नवरचा अंगठा तिने काढलाच नाही. पुढे कड्याला कोरलेला अरुंद रस्ता होता, डावीकडे दरी, उजवीकडे खडक. मामा लांब, एका उतारावर दिसत होता. हॉर्न ऐकून त्याने डावा हात वर केला. त्याला वाटलं, पोरगी घाई करतेय. त्याने वेग वाढवला! ती घसा फोडून ओरडली. हेल्मेटच्या आत काय ऐकू जाणार?

सवयीने मामाच्या उजव्या हाताची बोटं लिव्हरवर आवळली गेली. पुढचं चाक अडकलं. गाडी आडवी झाली. मामा खडकावर आदळला, डोकं आधी, मग पाय. गाडी गरगरत दरीच्या काठापर्यंत गेली आणि एका दगडाला अडून थांबली.

ती धावत पोचली तेव्हा मामा शुद्धीत होता. हेल्मेटला कानाच्या वर हाताचा पंजा बसेल एवढी भेग गेली होती. आतलं डोकं शाबूत होतं, हे त्याच्या पहिल्या वाक्यावरूनच कळलं.

"हा ब्रेक कोणी जोडला?"

"मी."

मामा तिच्याकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यभर ती इतरांवर चिडत आली होती, बेफिकीर लोकांवर, माळ्यावरच्या हेल्मेटांवर. आज प्रथमच सगळा संताप उलटून तिच्याच अंगावर आला. शरमेने तिला त्याच्या डोळ्यांना डोळा देववेना.

पण बसून चालणार नव्हतं. उजवी नडगी मोडली होती, त्यासाठी फोटो काढायची गरज नव्हती. तिने आपल्या पायांच्या कडक पट्ट्या सोडल्या आणि मामाच्या पायाला दोन्ही बाजूंनी बांधल्या. भावोजी येऊन पोचले होते. त्यांनी वर पाहिलं. चौकी हाकेच्या अंतरावर होती. तिच्यामागून मात्र करडं धुकं डोंगर गिळत खाली येत होतं.

"मी पळत जाऊन घेऊन येऊ?" भावोजींनी विचारलं.

मामाने चौकीकडे पाहिलं. मग मान फिरवली आणि म्हणाला, की जावईबापू, मेली ती किटली, आधी खाली चला.

खाली न्यायचं कसं? तिच्या गाडीवर दुसरा माणूस मावत नव्हता. भावोजींच्या गाडीला पुढचा ब्रेक नाही, केबल बेकरीच्या कपाटात! दोन माणसांचं वजन एका मागच्या ब्रेकवर त्या उतारावरून उतरवणं म्हणजे दरीला आमंत्रण. राहिली मामाची गाडी. तिच्या मागच्या ब्रेकचं पेडल पडताना तुटून गेलं होतं. पुढचा मात्र जागच्या जागी होता, चोरून जोडलेला.

"नुसत्या पुढच्यावर उतरलीस तर पुन्हा लोळशील," मामा म्हणाला. "माझा पट्टा घे. मागच्या चाकाच्या ब्रेकच्या दांडीला बांध, आणि टोक माझ्या हातात दे. मागचं मी बघतो."

तिने तसंच केलं. कमरेचा पट्टा दांडीला, तिथून पायदानाखालून वर, मामाच्या मुठीत. मामाला मागे बसवून, भावोजींच्या मफलरने आपल्या कमरेला घट्ट बांधून घेतलं. तिची गाडी खडकाला टेकून तिथेच राहिली. भावोजी हळूहळू पुढे, बर्फ कुठे निसरडा आहे ते ओरडून सांगायला.

निघाले! धुक्याने गाठलंच. दहा हातांपलीकडे काही दिसेना. ती पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळू, अगदी हळू दाबी आणि म्हणे, "आता." मामा पट्टा ओढी. चाक सरके, सावरे. पुन्हा, "आता." वर्षानुवर्षं ज्या दोन ब्रेकांवरून भांडता भांडता त्या घरात जेवणं थंड झाली होती, ते दोन ब्रेक आज एकमेकांच्या भरवशावर होते.

सगळ्यात वाईट वळणाच्या आधी तिच्या पाठीवर मामाचं डोकं जड झालं. पट्टा सैल पडला.

"मामा! झोपायचं नाही." तिला रडू फुटणार होतं. तेवढ्यात तिला सुचलं. ती मोठ्याने म्हणाली, "मामा, मागचा ब्रेक म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू. तो काढूनच टाकला पाहिजे सगळ्यांनी."

पाठीवर हालचाल झाली. "काय म्हणालीस?"

"शोभेची वस्तू."

"अगं, मूर्ख मुली, मागच्या ब्रेकवर मी चाळीस वर्षं..."

"आता!"

पट्टा कचकन ताणला गेला. तिने पुढचा दाबला. गाडी वळणावर तिरकी झाली. मागचं चाक दरीकडे सरकलं. थांबलं. पकडलं! वळण मागे पडलं. गोठलेल्या झऱ्यावर भावोजींनी उतरून गाडीला हात दिला आणि पार नेली. मग झाडं सुरू होईपर्यंत तिने मागच्या ब्रेकची, उघड्या कानांची, गॅरेजातल्या चहाची, सगळ्यांची यथेच्छ निंदा केली, आणि मामा प्रत्येक वाक्यावर तिला खडसावत जागा राहिला.

दुसऱ्या दिवशी मामा इस्पितळात, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. फोटो तिनेच काढला होता. मामी भेग गेलेलं हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती आणि येईल त्या प्रत्येकाला त्या भेगेत बोट घालून दाखवत होती. इस्पितळात आल्यापासून मामा भाचीशी एक शब्दही बोलला नव्हता.

दुपारी पंपवाला भेटायला आला. चेहऱ्यावर खरी काळजी, आणि हातात, पेशंटसाठी पंपावरून आणलेला गरम चहा. तांब्याच्या किटलीत. बुडाला पोचे, तोटीला दोन डाग.

सगळे किटलीकडे बघू लागले. पंपवाल्याची नजर सगळ्यांच्या नजरेमागून खाली आपल्या हाताकडे गेली, आणि त्याचा चेहरा उतरला. तो पुटपुटला, की यंदा थंडी जरा लवकर पडली. वर न्यायची राहूनच गेली. तुम्ही इतक्यात निघाल असं वाटलं नव्हतं.

मामा लाल झाला. प्लास्टरसकट उठतो की काय असं वाटलं. "चौकी रिकामी होती? मी जीव घालवायला निघालो होतो, आणि तू हिच्यात चहा उकळत होतास? अरे, एका शब्दाने सांगायचं होतंस! राग आला असता, भांडलो असतो, पण सांगायचं तरी..."

आणि तो मध्येच थांबला. त्याने मान वळवून भाचीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, खाली मान घालून.

"चुकलं माझं, मामा," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं."

"माहीत आहे."

"तरी विचारायचं." मामाने उशीला पाठ टेकली. मग पंपवाल्याला म्हणाला, आणलाच आहेस तर ओत आता, गार होतोय. पहिला कप त्याने भाचीकडे सरकवला. "जोडलेला असू दे तो ब्रेक," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणि मला तुझ्यासारखे ते जाड मोजे आणून दे. बोटांचं काहीतरी करायला नको का?"